गोव्यात निसर्गात वेळ घालवणं आणि आरोग्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यात आम्ही काही जण रविवारी सकाळी एकत्र चालायला जातो. कधी खाजनाच्या (खाडीकाठच्या खारट शेतजमिनीच्या) बांधावरून, कधी कुणाच्या कुळागरातून (माड-पोफळीच्या बागेतून), तर कधी सड्यावर (डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर). मी अनेक वर्षं आरोग्य केंद्रात परिचारिका होते. त्यामुळे चालता चालता आणि नंतर व्हॉट्सअॅपवर जे प्रश्न येतात, ते बहुतेक माझ्याकडेच येतात. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले म्हणून ते उत्तरांसह इथे एकत्र केले आहेत. औषधं आणि त्यांचं प्रमाण मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारा.

१. बाहेर गेलं की बरं वाटतं हे कळतं. पण शरीराला खरंच काही फायदा होतो का?

होतो, आणि तो तीन-चार वाटांनी होतो. झाडी किंवा पाणी असलेल्या शांत जागी वीस-तीस मिनिटं घालवली की ताणाच्या वेळी वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक खाली येतं. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ जाग्यावर येतं आणि रात्रीची झोप सुधारते. घरात बसलेला माणूस बाहेर पडला की आपोआप चालतो, आणि रक्तदाब, साखर, सांधे या सगळ्यांना चालणं मानवतं. शिवाय वाटेत माणसं भेटतात. एकट्या राहणाऱ्यांसाठी हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

डोक्यात तेच तेच विचार फिरत राहणं हेही कमी होतं. अमेरिकेत २०१५ साली झालेल्या एका प्रयोगात काही जणांना दीड तास झाडीतून आणि काही जणांना तेवढाच वेळ रहदारीच्या रस्त्याने चालवलं. झाडीतून चाललेल्यांचं असं घोळत बसणं कमी झालं आणि त्याच्याशी संबंधित मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली. रस्त्याने चाललेल्यांत हा फरक दिसला नाही.

२. आठवड्याला किती वेळ पुरतो?

दोन तास हा चांगला अंदाज आहे. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांत ‘माझी तब्येत चांगली आहे’ असं सांगणारे जास्त होते. ही १२० मिनिटं एका दमात घालवली की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. म्हणजे रोज वीस मिनिटं काढली तरी हिशेब पूर्ण होतो.

यात एक मेख आहे. मुळात ज्यांची तब्येत बरी, तेच जास्त बाहेर पडतात, हेही खरं. म्हणून १२० मिनिटांना औषधाच्या मात्रेसारखं धरून बसू नका. आजवर शून्य मिनिटं जात असाल तर या आठवड्यात तीस मिनिटं काढा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. झाडीतून भरभर चाललात तर दोन्ही हिशेब एकाच वेळी होतात.

३. मी पणजीत फ्लॅटमध्ये राहते. मोले, नेत्रावळीला दर आठवड्याला जाणं शक्य नाही. मग कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर देताना मला नेहमी थोडं कळकळीने बोलावं लागतं. निसर्ग म्हणजे दूधसागर असं आपण धरून बसलो आहोत. वर्षातून एकदा गाडी करून जायचं, फोटो काढायचे आणि उरलेले महिने बाहेर पडायचं नाही. शरीराला याचा फारसा उपयोग नाही. त्याला थोडं, जवळचं आणि पुन्हा पुन्हा लागतं.

पणजीत कांपालची बाग आणि मांडवीकाठ आहे, आल्तिन्होची झाडी आहे, मिरामारची वाळू आहे. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला गेलात की समोर सलीम अली पक्षी अभयारण्याची खारफुटी. ओहोटीला चिखलावर निवट्या नावाचे मासे उड्या मारताना दिसतात. एक नांगी भलीमोठी असलेले छोटे खेकडे ती नांगी वर-खाली हलवत बिळापाशी उभे असतात. तिथे पंधरा मिनिटं उभं राहिलात तरी घड्याळाकडे लक्ष जात नाही. हिवाळ्यात करमळीच्या तळ्यावर अडई, कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या असतात. तळ्याच्या काठाने संथ चालता येतं.

मडगाव, म्हापसा, वास्कोवाल्यांनीही आपापल्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावरचं एक ठिकाण ठरवून ठेवावं. देवळाची तळी, गावचा व्हाळ, शेताची मेर, जुन्या वडाचा पार, यातलं काहीही चालेल.

४. रोज समुद्रावर जाते. तेवढं पुरेसं आहे की झाडीच हवी?

समुद्रही तितकाच चांगला. पाण्याजवळ वेळ घालवणाऱ्यांवर वेगळे अभ्यास झाले आहेत आणि त्यांचाही कल याच बाजूला आहे. एकच जागा निवडायची गरज नाही.

पाण्यात उतरण्याचं मात्र वेगळं आहे. जून ते सप्टेंबर समुद्रात पोहायला जाऊ नका. इतर महिन्यांत लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरा, लाल झेंडा असेल तिथे नाही. लाटांचं पाणी आत परतताना कधी कधी एका अरुंद पट्ट्यातून जोरात ओढ घेतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहून ताकद घालवू नका. आधी किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाहेर या, मग किनाऱ्याकडे वळा, आणि हात वर करून जीवरक्षकांना खूण करत राहा. जेलीफिश चावली तर जागा चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि जीवरक्षकांना दाखवा.

५. तिथे जाऊन करायचं काय? नुसतं बसलं तर चालतं का?

चालतं. सांध्यांच्या दुखण्यामुळे ज्यांना चालणं होत नाही, त्यांनी बसावंच. पण बसून पुन्हा घरच्या हिशेबांत मन गेलं तर उपयोग कमी, म्हणून मनाला एक छोटं काम द्या. एकच झाड निवडा आणि दर खेपेला त्याच्यात काय बदललं ते पाहा. किंवा डोळे मिटून किती आवाज वेगळे करता येतात ते मोजा. कुळागरात हे फार छान जमतं. पोफळीच्या शेंड्यातला वारा, पाटातलं पाणी, दूरवर तांबटाची टुकटुक, आणि मधूनच झाप पडल्याचा धप्प आवाज. (झाप आणि नारळ पडतात म्हणूनच माडाखाली बैठक मारू नका.)

६. मोबाइल न्यावा का?

न्या, पण खिशात ठेवा. एकटे असाल तर तो जवळ हवाच. घरी कुठल्या वाटेने जाताय तेही सांगून निघा.

७. ‘फॉरेस्ट बाथिंग’च्या कार्यक्रमाला पैसे भरून जावं का?

हौस आणि ऐपत असेल तर जरूर जा. जपानच्या वन खात्याने १९८२ साली ‘शिनरिन-योकू’ हा शब्द रूढ केला, तो लोकांनी आपल्याच जंगलात सावकाश हिंडावं म्हणून. झाडांच्या गंधद्रव्यांमुळे प्रतिकारशक्ती वाढते असं त्यावर सांगितलं जातं, पण ते अभ्यास थोड्या लोकांवरचे आहेत. त्या दाव्यासाठी पैसे मोजू नका. प्रश्न ५ मध्ये सांगितलेलं फुकट करता येतं.

८. मुलगा सात वर्षांचा, घरात चष्म्याची परंपरा. बाहेर खेळल्याने डोळ्यांना खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि याला पुरावाही भक्कम आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर घालवायला लावली. तीन वर्षांनी त्या शाळांत सुमारे ३० टक्के मुलांना लांबचा चष्मा लागला. उरलेल्या शाळांत हेच प्रमाण सुमारे ४० टक्के होतं. दिवसाच्या भरपूर उजेडामुळे बुबुळापासून पडद्यापर्यंत डोळ्याचं लांबट होत जाणं आवरतं, असं मानलं जातं.

ध्यानात ठेवा, हे चष्मा लागू नये म्हणून आहे. लागलेला नंबर याने उतरत नाही. आणि इथे उजेड महत्त्वाचा आहे, ऊन नव्हे. आंब्याच्या सावलीत खेळला तरी घरापेक्षा कितीतरी पट उजेड मिळतो. शाळेतून थेट ट्यूशनला पाठवण्याआधी मुलाला अर्धा तास मोकळं सोडा, एवढी माझी आईबापांना विनंती आहे.

९. पावसाचे चार महिने काय करायचं?

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. पण दिवसभर अखंड कोसळणारे दिवस कमीच. उघडीप मिळाली की निघा. श्रावण-भाद्रपदात सड्यावर इवल्या इवल्या फुलांचे ताटवे येतात, ते चुकवू नका. वाटेवरूनच पाहा, पावलं फुलांवर पडू देऊ नका.

सोसाट्याचा वारा असेल तर मोठ्या झाडांखालून जाणं टाळा. गडगडाट ऐकू आला तर सडा सोडून पक्क्या इमारतीत किंवा गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पायाला जखम असेल तर शेतातल्या चिखलपाण्यात उतरू नका, कारण उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू पाण्यात येतात. तसं पाणी तुडवल्यानंतर दोनेक आठवड्यांत ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना ‘मी शेतात उतरलो होतो’ हे आवर्जून सांगा. हे न सांगितल्याने निदानाला उशीर होतो.

वयस्कर माणसांनी निसरड्या वाटांच्या मागे लागू नये. जुन्या घरात राजांगण (घराच्या मधलं उघडं अंगण) असेल तर तिथे खुर्ची टाकून पाऊस पाहत बसावं. तोही वेळ या हिशेबात धरा.

१०. एप्रिल-मे महिन्यात उन्हाचा त्रास होतो. कधी जावं?

सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर. आपल्याकडे तापमान ३३-३४ अंशांवर असलं तरी हवेतल्या ओलाव्यामुळे घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणून विदर्भापेक्षा आकडा कमी दिसला तरी निर्धास्त राहू नका. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे ही पहिली खूण. लगेच सावलीत बसा, अंग ओलं करा, पाणी प्या. माणूस असंबद्ध बोलू लागला तर १०८ ला फोन लावा. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर या दिवसांत किती प्यावं हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

११. मधुमेह आहे. वाळूत अनवाणी चालणं चांगलं म्हणतात, ते करू का?

अनवाणी नको. मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू कमी होते. शिंपला कापला किंवा वाळू पोळली तरी कळत नाही आणि साध्या जखमेचा व्रण होऊन बसतो. पायताण घालून चाला आणि घरी आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखर किंवा गोड गोळ्या ठेवा. हात थरथरले, दरदरून घाम आला की आधी ती खा, मग बसा. जमिनीला पाय लागले की ‘ऊर्जा’ शरीरात येते असले दावे फिरतात. त्यांना भरवशाचा आधार नाही.

१२. डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. निसर्गात नियमित गेलं तर त्या बंद करता येतील?

स्वतःहून अजिबात बंद करू नका. गोळ्या अचानक सोडल्या तर त्रास उलटतो. बाहेर पडणं ही उपचाराला जोड आहे, त्याची जागा ते घेऊ शकत नाही.

जोड म्हणून मात्र ती मोलाची आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ संस्थेने नैराश्याच्या रुग्णांवर एक मोठा प्रयोग केला आणि तो २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी काही बैठकांतून रुग्णांना आयुष्यात अर्थ वाटेल अशा गोष्टी थोड्या थोड्या पुन्हा सुरू करायला लावल्या. नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यांच्यात सुधारणा जास्त दिसली. तो प्रयोग निसर्गाविषयी नव्हता. पण मन उभारी धरेल तेव्हा बाहेर पडू असं न म्हणता आधी बाहेर पडायचं, मन मागून येतं, हे त्यातलं सूत्र मी इथे लोकांना सांगते. सुरुवात फाटकापर्यंत जाऊन येण्याने केली तरी चालेल.

जीव नकोसा वाटत असेल तर चालण्याचा विचार बाजूला ठेवा. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, किंवा कुणाला तरी बरोबर घेऊन बांबोळीच्या मनोविकार संस्थेत किंवा जवळच्या इस्पितळात जा.

१३. साप, जळवा, भटकी कुत्री. भीतीच वाटते. काय काळजी घ्यावी?

*साप.* नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप लक्षात ठेवा. पावसाळ्यात घाटातल्या झुडपांवर मलबारी चापडाही बसलेला असतो, म्हणून न पाहता फांदीला हात घालू नका. घोट्याच्या वर येणारे बूट घाला, संध्याकाळनंतर बॅटरी घ्या. चावलाच तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काहीही करू नका. अंगठी, पैंजण काढा, तो हात किंवा पाय हलवू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि जवळच्या इस्पितळात किंवा गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) पोचा. मांत्रिकाकडे घालवलेला एकेक तास जिवावर बेततो, हे मी कामावर असताना पाहिलं आहे.

*जळवा.* त्यांनी आपल्याकडे आजार पसरत नाही. नखाने बाजूला सरकवा, जागा साबणाने धुवा. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरू नका.

*कुत्री.* २०२१ साली गोवा हे रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, पण त्या भरवशावर चावा अंगावर काढू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस सुरू करा.

१४. सत्तरीत माकडताप आहे म्हणतात. तिकडे जाणंच टाळावं का?

सत्तरी तालुक्यात २०१५ पासून हा आजार आढळतो. तो गोचिडींमुळे होतो, माणसाकडून माणसाला लागत नाही. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, आणि काजूचा हंगाम त्यातच येतो. बोंडू वेचताना पाचोळ्यात बसणाऱ्यांना धोका सर्वांत जास्त. गावातल्या डांबरी वाटेवर चालणाऱ्याला तो फारसा नाही.

त्या महिन्यांत रानात शिरायचं असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यांत खोचा, गोचीड दूर ठेवणारं मलम लावा, पाचोळ्यावर बसू नका. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा, कपडे धुवायला टाका आणि काखा, जांघा, कानामागे तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. रानातून आल्यावर एकाएकी सडकून ताप आणि अंगदुखी सुरू झाली तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

१५. पावसात धबधब्यांवर जावं की नाही?

लांबून पाहा. डोंगरात वर पाऊस झाला की खाली पाणी एकदम वाढतं, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. २०२३ च्या जुलैमध्ये बुडून मृत्यू झाल्यावर वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी घातली होती. निघण्याआधी त्या वर्षीचा आदेश पाहूनच निघा. आणि दूधसागरला रेल्वेरुळांवरून चालत जाणं हा गुन्हा आहे. बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते.

१६. कुळागरात, देवराईत, खाजनात असंच शिरता येतं का?

कुळागर हे कुणाचं तरी पोट भरणारं शेत आहे. मालकाला विचारल्याशिवाय आत जाऊ नका. विचारलंत तर बहुतेक जण स्वतः फिरून दाखवतात.

देवराईत गावचे नियम चालतात. कुठे पायताण काढावं लागतं, कुठे पडलेली काटकीही उचलत नाहीत. सत्तरीत बांबरला निरंकाराची राय आहे. तिथल्या दलदलीत जायफळाच्या कुळातली जुनी झाडं आहेत आणि त्यांची मुळं वाकवलेल्या गुडघ्यांसारखी चिखलाबाहेर येतात. त्यांच्याभोवती पाय पडून चिखल तुडवला जाऊ नये. अभयारण्यांतून रोप, ऑर्किड, दगड काहीही आणायचं नाही, तो वन्यजीव कायद्याचा भंग आहे.

खाजनाच्या बांधावरून चाला, पण मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मोरीच्या, दारांशी खेळू नका. भरती-ओहोटीबरोबर ती उघडतात, मिटतात, आणि त्यावर शेती टिकून आहे. कुंभारजुवे कालव्यात आणि आसपासच्या पाण्यात मगरी आहेत. बोरी गावात पौष अमावास्येला बांधावर मातीची मगर करून पुजतात, त्याला मानगे थापणी म्हणतात. पाण्याच्या अगदी कडेला बसून पाय सोडू नका.

१७. बाहेर जमत नाही, म्हणून घरात कुंड्या ठेवल्या. हवा शुद्ध होते ना?

हवेचं सोडून द्या. नासाने १९८९ साली केलेला जो अभ्यास सगळे सांगतात, तो बंद पेटीतला होता. २०१९ साली जुन्या अभ्यासांची पुन्हा तपासणी झाली. नुसती खिडकी उघडून जे होतं तेवढं व्हायला एका चौरस मीटरला दहा ते हजार कुंड्या लागतील, असा हिशेब निघाला. पण रोज पाणी घालणं, नवी पालवी पाहणं याने मन रमतं. त्यासाठी खुशाल ठेवा. थाळ्यांत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

१८. दमा आहे, आणि आमच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जातात. चालून फायदा की तोटा?

ट्रक चालू असताना त्या रस्त्याने चालण्यात तोटाच. वाहतूक सुरू होण्याआधी जा किंवा शेताकडची आतली वाट धरा. रस्त्यापासून थोडं आत गेलात तरी धूळ बरीच कमी होते. मोहोराच्या दिवसांत किंवा पावसाच्या बुरशीने दमा वाढतो का, ते दोन-तीन महिने वहीत टिपा आणि डॉक्टरांना दाखवा. पंप नेहमी खिशात हवा.

१९. आई अंथरुणाला खिळून आहे. तिला यातलं काय मिळणार?

खाट फिरवा. अमेरिकेतल्या एका इस्पितळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची तुलना १९८४ साली प्रसिद्ध झाली. खिडकीतून झाडं दिसणाऱ्या रुग्णांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा जोरदार वेदनाशामकं कमी लागली आणि ते लवकर घरी गेले. अभ्यास छोटा होता, पण खाट फिरवायला काही खर्च नाही.

आईची नजर उशीवरून जिथे पोचते, तिथे स्वतः झोपून पाहा. तुळशी वृंदावन, माडाचा शेंडा, आकाशाचा तुकडा, काहीतरी हिरवं किंवा हलणारं दिसायला हवं. सकाळी पडदा पूर्ण उघडा, म्हणजे रात्री झोपेला मदत होते. उचलून बसवता येत असेल तर दिवसातून एकदा व्हरांड्यात आणा. अबोलीचा वळेसर (गजरा) किंवा ओला मातीचा गोळा हातात द्या. स्मरणशक्ती गेलेल्या माणसालाही वासावरून बोलावंसं वाटतं. इस्पितळात असतील तर खिडकीजवळची खाट मिळेल का, असं वॉर्डातल्या परिचारिकेला विचारा. खाट रिकामी असली तर आम्ही देतो, कुणी विचारत नाही एवढंच.